हातचा एक आणि मोडलेला डाव

बलिप्रतिपदेचे एक जुने नाव द्यूतप्रतिपदा असे आहे. पाडव्याची ओवाळणी आपल्या घरांतून राहिली, व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या राहिल्या, द्यूत तेवढे मागे पडले. आणि पडले ते बरेच झाले असे कोणीही म्हणेल. तरीही फराळानंतर चटईवर सोगट्यांचा पट पसरावा, कवड्या खुळखुळाव्यात आणि वडीलधाऱ्यांनी त्या दिवसापुरता काणाडोळा करावा, ही रीत माझ्या लहानपणापर्यंत पुष्कळ घरांत टिकून होती. ह्याच दिवशी पार्वतीने शंकराला फाशांत हरवले अशी कथा सांगून आमच्या खेळाला धर्माची संमतीही मिळवून दिली जाई.

ह्या लेखात मला सांगायचे आहे ते मात्र द्यूताबद्दल नव्हे, त्यातून निघालेल्या गणिताबद्दल. शाळेच्या पुस्तकात आज 'संभाव्यता' म्हणून एक प्रकरण असते. दोन नाणी फेकली, एक फासा टाकला, पिशवीतून लाल चेंडू काढला, असली उदाहरणे त्यात असतात. मुले ती कॅलक्युलेटर हाताशी घेऊन सोडवतात आणि पालक मनात म्हणतात, 'हे काय जुगाराचे शिक्षण!' एका परीने त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण त्या प्रकरणाचा आणि त्या कॅलक्युलेटरचा जन्म एकाच माणसाच्या हातून झाला, हे फारसे कोणी सांगत नाही. ती हकीकत मोठी मौजेची आहे.

आरंभ आपल्या घरापासूनच करू. महाभारताच्या वनपर्वातले नलाख्यान आठवा. फाशांत राज्य गमावलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आहे आणि दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठी रथ अयोध्येहून आपल्या विदर्भाकडे वाऱ्यासारखा निघाला आहे. वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण सहज सांगतो की ह्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत. बाहुकाला हे खरे वाटत नाही. तो भर वाटेत रथ थांबवतो आणि मोजून पाहतो. हिशेब बरोबर निघतो. तेव्हा राजा म्हणतो, मला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, अवगत आहे आणि मी संख्येतही निपुण आहे. पुढे ते मर्म नळाला मिळते आणि तो आपले राज्य परत जिंकतो. ह्यात बेहड्याचेच झाड का, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. वेदकाळी जुगारात फाशांच्या जागी बेहड्याची फळेच वापरीत. म्हणजे फासे आणि मोजणी ह्यांचे काही नाते आहे, एवढे त्या कथाकाराला नक्की ठाऊक होते.

मोजणीत तर आपले लोक कोणाला हार जाणारे नव्हते. सहा रसांची मिश्रणे किती होतात, हा प्रश्न सुश्रुतसंहितेत आहे आणि उत्तर ६३ असे बरोबर दिले आहे. वराहमिहिराने १६ सुगंधी द्रव्यांतून चार चार निवडून १८२० प्रकार होतात, असे बृहत्संहितेत सांगितले. आणि ११५० साली पुऱ्या झालेल्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत तर ह्या प्रश्नांची दिवाळीच आहे. राजवाड्याला आठ दारे असली, तर ती एक एक, दोन दोन, तीन तीन अशी उघडून किती प्रकार होतील? २५५. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म ही बदलून ठेवली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? २४. आणि शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे बदलत गेली तर? ३६,२८,८००. हे भास्कराचार्य स्वतःला सह्याद्रीच्या कुशीतले म्हणवतात, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे आहे. तो भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला.

एवढी सगळी तयारी असून एक प्रश्न मात्र आपल्याकडे कोणी मांडलेला आढळत नाही. शक्यता किती, हे मोजले गेले. त्या मोजणीवरून पैजेतला न्याय्य वाटा किती, असे विचारले गेले नाही. कवड्या आणि बेहड्याची फळे वेडीवाकडी, प्रत्येक बाजू सारखीच पडेल असा त्यांचा भरवसा नाही, म्हणून हिशेब सुचला नसेल, असे कोणी म्हणतात. मला हे कारण पुरेसे वाटत नाही. घोटीव हस्तिदंती फासेही आपल्याकडे होते. माझ्या मते खेळात पडलेले दान ही दैवाची आज्ञा आहे असे मानणाऱ्याला, खेळ मध्येच थांबला तर काय, हा प्रश्न प्रश्न वाटत नाही. दान पडलेच नाही, तर आज्ञाही झाली नाही!

युरोपात नेमका हाच प्रश्न उभा राहिला. डाव रंगात आला आहे, पैसे मध्ये ठेवलेले आहेत आणि आतून हाक येते, 'पाने वाढलीत!' खेळ मोडला. आता मधले पैसे कसे वाटायचे? लुका पाचोली ह्या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली छापलेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात असेच एक उदाहरण घातले. चेंडूचा खेळ ६० गुणांचा, प्रत्येक डाव १० गुणांचा, पैज १० मोहरांची. एका बाजूचे ५० आणि दुसरीचे २० गुण झाले असता खेळ बंद पडला. पाचोली म्हणतो, गुणांच्या प्रमाणात वाटा, पाचास दोन. दुकानातली भागीदारी मोडावी तसा हा निवाडा झाला. तार्ताल्या नावाच्या दुसऱ्या गणितज्ञाने १५५६ साली त्याला अचूक चिमटा काढला: एकाचा एकच डाव झाला आणि दुसऱ्याचा एकही नाही, अशा वेळी खेळ मोडला तर पहिल्याने सगळीच रक्कम उचलायची की काय? मात्र हा प्रश्न गणिताचा नसून न्यायाधीशाचा आहे, असे म्हणून त्यानेही हात झटकले.

त्यानंतर शंभर वर्षांनी ह्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस सापडला. पण त्याच्या हातून त्याआधीच एक दुसरे काम होऊन गेले होते.

ब्लेझ पास्काल १६२३ साली फ्रान्सातल्या क्लेर्माँ गावी जन्मला. वडील सरकारी करवसुलीच्या कामावर रुआं शहरी बदलून गेले. फ्रान्सचे तेव्हाचे चलन मोठे त्रासाचे: बारा दनिये म्हणजे एक सू आणि वीस सू म्हणजे एक लिव्र. ज्या वाचकांनी १९५७ च्या १ एप्रिलपूर्वी रुपये-आणे-पैचे हिशेब केले आहेत, बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया करताना ज्यांची बोटे दुखली आहेत, त्यांना पास्कालच्या वडिलांची कीव वेगळी सांगायला नको. आमच्या पंतोजींनी त्यावर उपाय म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेतली. अठरा-एकोणीस वर्षांच्या पास्कालने १६४२ साली यंत्र करायला घेतले.

यंत्रात दातेरी चाके होती आणि प्रत्येक चाक एकेका स्थानाचे होते. आकडे फिरवून बेरीज करणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. खरी अडचण होती 'हातचा एक' ह्याची. पाटीवर आपण हातचा मनात धरतो. यंत्राला मन कोठले? पास्कालने एक वजनदार खिटी बसवली. एकंचे चाक नवाकडे जाता जाता ती हळूहळू उचलली जाई आणि नवावरून शून्यावर येताच धाडकन पडून शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकली. हातचा असा लोखंडाला शिकवला गेला. चाके उलटी फिरत नसत, तेव्हा वजाबाकीचे काय? तिलाही युक्ती होती. ५२ मधून १७ वजा करायचे तर ५२ चा नवांनी पूरक, म्हणजे ४७ घ्यावा, त्यात १७ मिळवावे, ६४ येतात. त्याचा पुन्हा पूरक घ्यावा: ३५. आजही कोणी करून पाहावे. मनाजोगे यंत्र साधेपर्यंत पास्कालने सुमारे ५० नमुने केले, १६४५ साली ते राज्याच्या मुख्य न्यायमंत्र्यापुढे ठेवले आणि १६४९ साली राजाची सनदही मिळवली. धंदा मात्र झाला नाही. यंत्र फार महाग होते. त्यातली मोजकी आज शिल्लक आहेत आणि काहींवर वीस घरांचे अन् बारा घरांचे चाक अजून पाहायला मिळते.

आता तो मोडलेला डाव. शेव्हालिये द मेरे नावाचा एक रसिक सरदार पास्कालच्या परिचयाचा होता. त्याने पास्कालपुढे दोन कोडी टाकली. त्यांपैकी एक हेच जुने, वाटणीचे. १६५४ च्या उन्हाळ्यात पास्कालने ह्यावर पिएर द फर्मा ह्याच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. फर्मा तुलूजच्या न्यायालयात होता आणि गणित फावल्या वेळात करी. तार्ताल्याने न्यायाधीशाकडे धाडलेला प्रश्न खरोखरच न्यायालयातल्या माणसाकडे गेला!

२९ जुलै १६५४ च्या पत्रात पास्कालने घातलेले उदाहरण आपल्या घरचीच नावे घालून सांगतो. राम आणि गोविंद ह्यांनी प्रत्येकी ३२ मोहरा लावल्या. जो तीन डाव आधी जिंकेल त्याचे सगळे ६४. रामाचे दोन झाले, गोविंदाचा एक, आणि खेळ मोडला. पास्काल म्हणतो, पुढचा डाव खेळला असे धरा. राम जिंकला तर ६४ त्याचे. हरला तर दोघे दोन-दोनवर येतील आणि निम्मे निम्मे, म्हणजे ३२ रामाला मिळतील. तेव्हा ३२ तर त्याचे कसेही आहेतच. राहिलेल्या ३२ बद्दल दोघांची संधी सारखी, म्हणून ते अर्धे करा. रामाला ४८, गोविंदाला १६. झालेले डाव मोजायचे नाहीत, उरलेले मोजायचे. पाचोलीपासून दीडशे वर्षे सगळे मागे वळून पाहत होते, ह्याने पुढे पाहिले.

फर्माची रीत शाळेतल्या मुलांना ओळखीची वाटेल. फार तर आणखी दोन डावांत निकाल लागणार. ते दोन डाव चार तऱ्हांनी जातील: दोन्ही राम, पहिला राम, दुसरा गोविंद, पहिला गोविंद, दुसरा राम, दोन्ही गोविंद. चारपैकी तीन रामाच्या बाजूचे. तीनास एक, म्हणजे पुन्हा ४८ आणि १६. ह्यावर रोबेर्व्हाल नावाच्या त्या वेळच्या मोठ्या गणितज्ञाने शंका काढली. राम पहिला डाव जिंकला की खेळ संपलाच. मग दुसरा डाव कोण खेळणार, आणि न खेळलेला डाव मोजायचा कसा? त्याच्या म्हणण्याप्रमाणे तीनच गोष्टी शक्य: राम, गोविंद-राम, गोविंद-गोविंद. मग वाटणी दोनास एक व्हायला हवी. शंका मोठी सरळ दिसते आणि तेथेच फसगत आहे. तीन गोष्टी आहेत खऱ्या, पण त्या सारख्या वजनाच्या नाहीत. पहिली एकटीच अर्धी आहे, बाकी दोन पाव-पाव. पावकी-निमकी पाठ असलेल्याला हे पटायला वेळ लागू नये: अर्धा आणि पाव मिळून पाऊण, म्हणजे ६४ चे ४८.

ह्याच रीतीने पाचोलीचे उदाहरण केले तर काय निघते? पहिल्या बाजूला एकच डाव हवा, दुसरीला लागोपाठ चार. चार डाव १६ तऱ्हांनी जातील आणि त्यांतली एकच तऱ्हा दुसरीच्या उपयोगाची. १० मोहरांतले पहिलीला ९.३७५ आणि दुसरीला ०.६२५. पाचोलीने दुसरीला पावणेतीनांहून जास्त देऊन टाकल्या होत्या.

सारख्या वजनाची गोष्ट कोणती, हे ओळखण्यात भल्याभल्यांच्या विकेटी गेल्या आहेत. तीन फाशांवर ९ यायला सहा प्रकार आणि १० यायलाही सहाच प्रकार, मग १० जास्त वेळा का पडतात, असे गॅलिलिओला विचारण्यात आले होते. त्याने २१६ दाने मोजून दाखवले की नऊची २५ आहेत आणि दहाची २७. ह्या मांडणीनंतर पुष्कळ वर्षांनी लायबनिट्झसारखा प्रकांड बुद्धीचा माणूस लिहून गेला की दोन फाशांवर ११ आणि १२ सारख्याच सहजतेने पडतात, कारण दोहोंचा प्रकार एकेकच, पाच-सहा आणि सहा-सहा. पाच-सहा दोनदा येते, एकदा ह्या फाशावर पाच आणि एकदा त्या, हे त्याच्या ध्यानी आले नाही. आणि हा लायबनिट्झ कोण? पास्कालच्या पुढे जाऊन गुणाकार-भागाकार करणारे यंत्र ज्याने १६७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले तोच! दालाँबेरने तर १७५४ साली फ्रेंच ज्ञानकोशातच लिहिले की नाणे दोनदा उडवले असता एकदा तरी छापा येण्याची संधी तीनांत दोन. रोबेर्व्हालचीच शंका, शंभर वर्षांनी, छापील.

म्हणून दहावीतल्या मुलाने तसेच लिहिले तर त्याच्यावर डोळे वटारू नयेत. माझ्या नातीने गेल्या वर्षी तीन नाण्यांचे उदाहरण माझ्यासमोर सोडवले. तीन नाणी एकदम फेकली तर बरोबर दोन छापे येण्याची संभाव्यता किती? तिने तीन छापे, दोन, एक आणि एकही नाही असे चार प्रकार धरले, कॅलक्युलेटरवर १ भागिले ४ केले आणि ०.२५ उत्तर दाखवले. "आजोबा, यंत्राने काढलंय, चुकेल कसं?" मी तिला विचारले, "तुला वृत्तांचे गण येतात का?" य, र, त, न, भ, ज, स, म हे आठ गण तिला मराठीच्या तासामुळे येत होते. मग गुरू म्हणजे छापा आणि लघू म्हणजे काटा असे धरायला सांगितले. तीन अक्षरांचे गण आठच. तीन नाण्यांची दानेही आठच. दोन गुरू असलेले गण कोणते? य, र आणि त. तीन भागिले आठ, ०.३७५. तिने पुन्हा यंत्राची बटणे दाबली. यंत्राने पहिल्या वेळी ०.२५ जेवढ्या ठामपणे दाखवले होते, तेवढ्याच ठामपणे ०.३७५ दाखवले. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने ह्या गणांची वर्गवारी मेरुप्रस्तारात मांडली: एक, तीन, तीन, एक. त्याच त्रिकोणाला आज जगभर पास्कालचा त्रिकोण म्हणतात.

पण यंत्राला मी कमी लेखत नाही. द मेरेचे दुसरे कोडे घ्या. एका फाशाची चार दाने टाकून एक तरी छक्का पडेल, ही पैज लावणाऱ्याच्या फायद्याची आहे हे ठाऊक होते. मग दोन फाशांवर दोन छक्के एकदा तरी पडावेत म्हणून किती दाने घ्यावीत? सहाला चार, तर छत्तीसला चोवीस, असे त्रैराशिक सांगते. आणि तशी पैज लावली तर ती तोट्याची ठरते. सरदाराला हा गणिताचा घोर अपमान वाटला. येथे हवी ती गोष्ट मोजत बसण्याऐवजी नको ती मोजावी, पास्कालच्या यंत्रातल्या वजाबाकीसारखी. एका दानात दोन छक्के न पडण्याची संधी ३६ त ३५. चोवीस दानांत एकदाही न पडण्यासाठी हा अपूर्णांक चोवीस वेळा आपल्याशीच गुणायचा. पास्काल-फर्माला हे कागदावर करणे म्हणजे शिक्षाच. आज ३५ भागिले ३६ करावे, गुणिलेचे बटण दाबून बरोबरचे बटण तेवीस वेळा दाबावे (काही यंत्रांत गुणिले दोनदा दाबावे लागते), ०.५०८६ च्या आसपास आकडा येतो. तो एकातून वजा केला की ०.४९१४, म्हणजे अर्ध्याहून किंचित कमी. आणखी एक दान घेतले की ०.५०५५. चोविसाव्या आणि पंचविसाव्या दानाच्या मध्ये पैजेचे पारडे फिरते. चार दानांत एका छक्क्याची संधी तशीच काढली तर ०.५१७७ येते. एवढा बारीक फरक नुसते खेळून कोणाच्या ध्यानी येईल, हे मला तरी कठीण वाटते.

कवड्यांचे मात्र कॅलक्युलेटरला काही सांगता येत नाही. कवडी पालथी पडणे आणि उताणी पडणे ह्यांची वजने सारखी नाहीत आणि ती कवडीगणिक निराळी. तेथे शेकडो वेळा फेकून टिपण ठेवावे लागते. अशा टिपणावर कितपत विसंबावे, ह्याचे पहिले प्रमेय याकोब बेर्नुलीच्या १७१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या ग्रंथात आहे.

पास्कालने पुढे हा विषय फारसा हाती घेतला नाही. १६५४ च्याच २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला काही विलक्षण धार्मिक अनुभव आला आणि त्याचे मन दुसरीकडे वळले; १६६२ साली, अवघ्या ३९ व्या वर्षी, तो वारला. पत्रे लगेच छापली गेली नाहीत. ह्या विषयावरचे पहिले छापील पुस्तक १६५७ साली हॉलंडच्या हायगेन्सने लिहिले. त्याच्या शेवटी वाचकांनी सोडवावीत म्हणून पाच उदाहरणे आहेत आणि पाचवे पास्कालचे आहे. पाडव्याला कोणाला करमणूक हवी असेल तर तेच देतो. दोघांजवळ बारा-बारा सोंगट्या. तीन फासे टाकायचे. १४ पडले तर पहिल्याने दुसऱ्याकडून एक घ्यायची, ११ पडले तर दुसऱ्याने पहिल्याकडून. दुसरे काही पडले तर जैसे थे. ज्याच्याजवळ सगळ्या चोवीस जमतील तो जिंकला. १४ ची दाने १५ आणि ११ ची २७, म्हणजे पाचास नऊ. घरातल्या कोणालाही वाटेल की दुसऱ्याचे पारडे फार तर दुपटीने जड असेल. उत्तर आहे २४,४१,४०,६२५ ला २,८२,४२,९५,३६,४८१. पहिला आकडा पाचाचा बारावा घात, दुसरा नवाचा. दुसऱ्याचे पारडे ११५६ पटींहून अधिक जड आहे. नवाच्या ह्या घातात अंक बरोबर बारा आहेत, तेव्हा वाण्याच्या गल्ल्यावर असतो त्या बारा अंकी कॅलक्युलेटरवर तो शेवटच्या घरापर्यंत पुरा मावतो.